‘व्हेरिफाइड’ फ्लॅटचे टोकन अडकवल्याबद्दल तक्रार पत्र

दिनांक: २१ जुलै २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग
(रजिस्टर पोस्टाने, पोचपावतीसह, प्रत ईमेलने)

विषय: वाकड येथील २ बीएचके फ्लॅटच्या बुकिंगपोटी भरलेले रु. २९,६५९ परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

तुमच्या अ‍ॅपवर ९ जुलैला वाकडच्या एका फ्लॅटची जाहिरात होती. भाडे २४,००० मेंटेनन्ससह, डिपॉझिट ७२,०००, पाइप गॅस, २४ तास पाणी, ‘बॅचलर्स चालतील’, आणि या सगळ्यावर हिरवी खूण: ‘व्हेरिफाइड, ९ जुलै २०२५’. आम्ही तिघी याच वर्षी पदवी घेऊन नोकरीसाठी पुण्यात आलो आहोत. गावाहून फ्लॅट बघायला येणे शक्य नसते, म्हणूनच त्या खुणेसाठी तुमच्याकडे पैसे मोजले जातात. व्हिडिओ टूर पाहून १० जुलैला आम्ही १५,००० टोकन, अर्ध्या महिन्याची दलाली १२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणून २,१६० आणि ‘व्हिजिट पॅक’चे ४९९ रुपये भरले. चोवीस तासांत टोकन नाही भरले तर फ्लॅट जाईल, असा मेसेज तुमच्याच माणसाचा होता.

१२ जुलैला प्रत्यक्ष गेल्यावर तळमजल्यावरच्या नोटीस बोर्डवर एक लॅमिनेट केलेला कागद दिसला. चेअरमन आणि सेक्रेटरींच्या सह्या, सोसायटीचा गोल शिक्का, तारीख २ मार्च २०२५. मजकूर दोन ओळींचा: यापुढे कोणताही फ्लॅट बॅचलर मुला-मुलींना भाड्याने देऊ नये. कडा पिवळ्या पडल्या होत्या, म्हणजे कागद काल-परवा लावलेला नव्हता. तुमचा व्हिडिओ लिफ्टच्या दारापासून सुरू होतो. नोटीस बोर्ड त्या दाराच्या चार पावले अलीकडे आहे.

वर फ्लॅटमध्ये ओट्याखाली गॅसचा पाइप टोपी लावून बंद केलेला आहे आणि मीटरच्या जागी नुसत्या ब्रॅकेटची भोके आहेत. पाइप गॅस इमारतीत आहे हे खरे, या फ्लॅटमध्ये नाही. पाणी सकाळी दोन तास, उरलेले टँकरचे. मेंटेनन्सचे २,८०० वेगळे, शिवाय ‘नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस’ (मालक स्वतः फ्लॅटमध्ये राहत नसल्याबद्दलचे शुल्क) भाडेकरूने भरायचे, असे तुमच्या प्रतिनिधीने तिथे उभ्या उभ्या सांगितले. हे चार्जेस सोसायटी आपल्या सभासदाकडून, म्हणजे मालकाकडून घेते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाने त्यांवर सेवा शुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. ते भाडेकरूवर टाकायचेच असतील तर तसे आधी ठरवावे लागते आणि जाहिरातीत लिहावे लागते. ‘मेंटेनन्ससह’ असे छापून नंतर दोन्ही मागणे चालणार नाही.

तरीही आम्ही माघार घेतली नाही. हा मुद्दा नीट वाचा, कारण तुमचे उत्तर नेमके यावरच उभे आहे. नोटीस जुनी आहे, ओनर कमिटीशी बोलून घेतील, असे सांगितल्यावर आम्ही थांबलो आणि त्याच दिवशी तिघींची आधार, पॅन आणि ऑफर लेटर पाठवली. १५ जुलैला सेक्रेटरींनी मालकाला लेखी नकार दिला. १६ तारखेला मालकाने व्हॉट्सअ‍ॅपवर ‘सोसायटी ऐकत नाही, दुसरे बघा’ असे कळवले. आणि १८ तारखेच्या ईमेलमध्ये तुम्ही लिहिता की ‘ग्राहकाने माघार घेतल्याने’ टोकन परत मिळणार नाही, मात्र १५,००० चे क्रेडिट वॉलेटमध्ये मिळेल आणि ते ९० दिवसांत वापरावे. दलालीचा तर उल्लेखही नाही. पावतीवरची अट ग्राहकाच्या माघारीची आहे. इथे नकार सोसायटीचा, माघार मालकाची आणि खोटी माहिती तुमची. यात ग्राहकाने काय केले ते दाखवा.

सोसायटीला असा नकार देता येतो का, हा वेगळा वाद आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे फ्लॅट भाड्याने द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, आठ दिवस आधी कळवणे पुरते. पण तो वाद सभासद या नात्याने मालकाने घालायचा. नोकरीवर रुजू होऊन चार दिवस झालेल्या भाडेकरूने गेटवर सामान उतरवून तो लढायचा नसतो. आमचा प्रश्न एवढाच आहे की मार्चमध्ये लागलेली नोटीस जुलैच्या पडताळणीत का सापडली नाही.

कारण पडताळणी झालीच नाही. भाड्याचा फ्लॅट तपासायला फार वेळ लागत नाही. मालकाने मिळकत कर भरल्याची ताजी पावती किंवा खरेदीचा इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयातला खरेदी-नोंदीचा उतारा) घ्यायचा आणि त्यावरचे नाव आधारशी जुळवायचे. महावितरणचे बिल घ्यायचे, पण एकट्या बिलावर भिस्त ठेवायची नाही, कारण नव्या इमारतींत मीटर बरेच दिवस बिल्डरच्याच नावावर असतो. मग सेक्रेटरींना एक फोन: भाडेकरू कोण चालतात, मालकाची थकबाकी आहे का, पार्किंग कोणाच्या नावावर आहे. शेवटी ओट्याखाली वाकून बघायचे आणि नळ सकाळी नव्हे, दुपारी सोडून बघायचा. तुमची हिरवी खूण यातल्या कशाची साक्ष देते ते लेखी कळवा. जाहिरातीत ठळक छापलेला महारेरा (राज्याचे स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) क्रमांकही इथे कामाचा नाही. एजंटची ती नोंदणी प्रकल्पातल्या फ्लॅटच्या विक्रीसाठी असते, भाड्याच्या व्यवहाराशी तिचा संबंध नाही.

कराराबद्दल जे झाले ते याहून गंभीर आहे. मालक परदेशात आहेत आणि इथे त्यांचा कुलमुखत्यार (त्यांच्या वतीने सही करण्याचा अधिकार दिलेला माणूस) नाही. त्यामुळे नोंदणी करता येणार नाही, म्हणून तुमच्या प्रतिनिधीने ‘५०० च्या स्टॅम्पवर नोटरी करून टाकू, ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ असे सुचवले आणि त्याचे ‘अ‍ॅग्रीमेंट चार्जेस’ ४,५०० मागितले. ते आम्ही भरले नाहीत. एक वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी नको, हा १९०८ च्या नोंदणी कायद्यावरून पसरलेला समज आहे. महाराष्ट्रात तो लागू पडत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार, कितीही महिन्यांचा असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. नोटरीचा कागद हाती घेऊन पोलिस पडताळणी, गॅस जोडणी आणि बँकेतला पत्ता बदल यांसाठी फिरताना काय होते, हे तुमच्या धंद्यात असलेल्यांना आम्ही सांगायला नको.

आणि ४,५०० कशाचे? मुद्रांक शुल्क एकूण भाडे अधिक डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के असते. २४,००० गुणिले ११ म्हणजे २,६४,०००. ७२,००० वर वर्षाचे व्याज ७,२००. बेरीज २,७१,२०० आणि शुल्क ६७८, म्हणजे सातशेच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. दस्त हाताळणीचे शुल्क धरूनही हिशेब अडीच हजारांच्या आत राहतो. घरी येऊन अंगठे घेणाऱ्या माणसाची फी जरूर घ्या, पण ती त्याच्या नावाने दाखवा. नोटरीसाठी तर नोंदणी फी आणि दस्त हाताळणीचे शुल्कही लागत नाही.

जीएसटीचेही तसेच. २,१६० रुपये घेतलेल्या पावतीवर तुमचा जीएसटी क्रमांक नाही. नोंदणी असेल तर क्रमांकासह इन्व्हॉइस द्या आणि व्यवहार रद्द झाल्याची क्रेडिट नोट काढा. नोंदणी नसेल तर हा कर घेण्याचा अधिकारच तुम्हाला नव्हता.

म्हणून आमची मागणी: टोकन १५,०००, दलाली जीएसटीसह १४,१६० आणि व्हिजिट पॅक ४९९, एकूण रु. २९,६५९, हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत परत करावेत. वॉलेट क्रेडिट आम्हाला मान्य नाही. जी खूण एकदा खोटी निघाली तिच्याच भरवशावर ९० दिवसांत दुसरा फ्लॅट घ्यायला आम्ही तयार नाही. या फ्लॅटची जाहिरात अजूनही ‘बॅचलर्स चालतील’ अशीच सुरू आहे (आज सकाळचा स्क्रीनशॉट सोबत आहे), ती तत्काळ दुरुस्त करावी. जुलै-ऑगस्टमध्ये रुजू होणारी मुले-मुली या आठवड्यातही त्यावर टोकन भरत असतील.

मुदतीत रक्कम न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवू आणि ई-जागृती पोर्टलवरून पुणे जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागू. सेवेचे खोटे वर्णन करून पैसे घेणे ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारावर फी नाही. तेव्हा ‘न्यायक्षेत्र फक्त बेंगळुरू’ या तुमच्या अटीने आम्ही अडणार नाही. आयोगात मूळ रकमेसोबत व्याज, मनस्तापाची भरपाई आणि या दहा दिवसांत पीजीला दिलेले भाडेही मागू.

९ जुलैच्या जाहिरातीचा आणि टोकनच्या मेसेजचा स्क्रीनशॉट, पैसे भरल्याच्या पावत्या व यूटीआर (बँक व्यवहाराचे) क्रमांक, नोटीस बोर्डचा आणि ओट्याखालच्या पाइपचा फोटो, मालकाचा १६ जुलैचा मेसेज आणि तुमचा १८ जुलैचा ईमेल यांच्या प्रती जोडल्या आहेत. व्हिडिओ टूर आम्ही उतरवून ठेवला आहे. रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यावर पाठवावी, नवा फॉर्म भरायला सांगू नये.

आपल्या ग्राहक,
(तिघींच्या सह्या)