गाडी नंतर ठरव, आधी जागा बघ

प्रिय सुधीर,

तुझं पत्र मिळालं. इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं तुझं जवळजवळ ठरलंय हे वाचून फार आनंद झाला. चार गाड्यांची रेंज आणि बॅटरी शेजारी शेजारी मांडून तू विचारलंयस की यातली कोणती घेऊ. पण एक गोष्ट तुझ्या पत्रात कुठेच नाही, आणि माझ्या मते सगळं तिच्यावर ठरतं. गाडी रात्री उभी कुठे राहणार?

पेट्रोल भरायला गाडी पंपावर न्यावी लागते. ही गाडी जिथे उभी असते तिथेच भरते, निदान भरायला हवी. म्हणून पार्किंग आणि चार्जिंग हे दोन वेगळे प्रश्न समजू नकोस. ज्याला स्वतःची जागा आहे आणि तिथवर वीज पोचते, त्याला ही गाडी वापरणं अगदी सोपं जातं. ज्याला ती नाही, त्याला दर आठवड्याला चार्जर शोधत फिरावं लागतं आणि मग गाडी कितीही चांगली असली तरी तो वैतागतो.

आधी थोडा हिशोब. मध्यम आकाराची गाडी एका युनिटमध्ये साधारण 6 ते 7 किलोमीटर जाते. रोज 60 किलोमीटर फिरलास तर 9-10 युनिटं लागतील. साध्या 16 अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला जेमतेम 3 युनिटं मिळतात, म्हणजे झोपेच्या वेळात दिवसभरात खर्च झालेली वीज सहज भरून निघते. भिंतीवर बसवायचा 7.2 किलोवॉटचा चार्जर घेतलास तर तेच काम दीड तासात होतं. पण गाडी रात्रभर उभीच असेल तर दीड तास काय आणि चार तास काय! दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर होत असतील किंवा घरात दुसरी इलेक्ट्रिक गाडी येणार असेल तर मोठा चार्जर जरूर लाव, नाहीतर साध्या सॉकेटवर भागतं.

मात्र ते सॉकेट 'साधं' म्हणून कसंही जोडून चालणार नाही. या मुद्द्यावर मी तुझ्या मागेच लागणार आहे. इस्त्री किंवा गिझर थोडा वेळ चालतो आणि बंद होतो. गाडी सलग कित्येक तास तेवढाच प्रवाह ओढते. सैल सॉकेट, बारीक वायर, कुठेतरी मारलेला जोड, यातलं काहीही असलं तरी त्या जागी उष्णता साठत जाते. म्हणून मीटरपासून गाडीपर्यंत स्वतंत्र वायर ओढून घे, तिला स्वतःचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा) आणि आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) असू दे, आणि अर्थिंग मोजून घे. अर्थिंग नीट नसेल तर बऱ्याच गाड्या चार्जिंग सुरूच करत नाहीत, आणि ते योग्यच आहे. 32 अँपिअरचा चार्जर लावणार असशील तर तांब्याची निदान 6 चौरस मिलिमीटरची वायर लागते, आणि अंतर लांब असेल तर त्याहून जाड. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात वापरायचा नाही. पहिल्या काही दिवसांत चार्जिंग सुरू झाल्यावर तासाभराने प्लगला हात लावून बघ. कोमट लागला तर ठीक, हात ठेववत नसेल तर लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलाव.

आता जागा. चार्जिंगचं झाकण प्रत्येक गाडीला वेगळीकडे असतं. निस्सानच्या आधीच्या लीफ गाड्यांना ते नाकावर आहे, टेस्लाच्या मॉडेल थ्रीला डावीकडे मागच्या दिव्यापाशी, काहींना पुढच्या चाकाच्या वरच्या पत्र्यावर. तुझ्या खांबावर सॉकेट उजवीकडे असेल आणि झाकण डावीकडे मागे, तर रोज एकतर गाडी उलटी लावायची किंवा केबल छतावरून न्यायची. म्हणून गाडी बघायला जाशील तेव्हा झाकणाची जागा बघून ये, आणि केबल किती मीटरची मिळते तेही विचार. केबल येण्याजाण्याच्या वाटेवर आडवी पडता कामा नये. अंधारात कुणी अडखळेल, आणि दुसऱ्यांच्या चाकांखाली रोज चिरडून तिचं आवरणही फाटेल. भिंतीला एक हूक मार, काम झालं की केबल गुंडाळून त्यावर टांग.

पावसाची भीती बाळगू नकोस. केबलच्या टोकाची गन, म्हणजे गाडीत खुपसायचा प्लग, खटकन बसते, आतली कडी अडकते, मग चार्जर आणि गाडी एकमेकांशी संकेतांची देवाणघेवाण करतात, आणि सगळं जुळल्यावरच प्रवाह सुरू होतो. तोवर गनच्या पिनांमध्ये वीजच नसते. काळजी घ्यायची ती दुसऱ्या टोकाची, म्हणजे भिंतीतल्या सॉकेटची. तिथे झाकणाचा पावसाळी बॉक्स हवाच.

बाहेरच्या चार्जरबद्दल लोक एका गोष्टीवर फार गोंधळतात. तारांतून येते ती वीज एसी, बॅटरीत साठते ती डीसी. एसी चार्जर फक्त वीज पुरवतो, तिचं डीसीत रूपांतर गाडीतला चार्जर करतो. तो 7.2 किलोवॉटचा असेल तर बाहेरच्या 22 किलोवॉटच्या चार्जरला लावूनही 7.2 च मिळणार. डीसी चार्जर रूपांतर बाहेरच करून थेट बॅटरीला देतो, म्हणून तो वेगवान. पण तोही शेवटपर्यंत त्या वेगाने देत नाही. बॅटरी भरत आली की तिचा व्होल्टेज, म्हणजे विजेचा दाब, वरच्या मर्यादेला टेकतो, आणि लिथियम आत नीट सामावण्याऐवजी पृष्ठभागावर साचू नये म्हणून गाडी प्रवाह कमी करत नेते. 10 पासून 80 टक्क्यांपर्यंत जेवढा वेळ जातो, जवळपास तेवढाच वेळ पुढच्या 20 टक्क्यांना लागू शकतो. लांबच्या प्रवासात एकदा काठोकाठ भरण्यापेक्षा दोनदा थोडं थोडं भरलेलं बरं.

यातूनच शिस्तीचा प्रश्न येतो, आणि त्याची मला मनापासून कळकळ आहे. महामार्गावरच्या एका चार्जरवर मी पाहिलं: पडद्यावर 94 टक्के, प्रवाह अगदी रोडावलेला, मालकाचा पत्ता नाही. मागे एक कुटुंब, लहान मूल मागच्या सीटवर रडवेलं झालेलं, आणि त्यांच्या गाडीत पुढच्या चार्जरपर्यंत जाण्याइतकी वीज उरलेली नाही. 80 झाले की गन काढून गाडी हलवायची, पुढे दुसरा चार्जर नसेल तर गोष्ट वेगळी. गाडी सोडून जायचंच असेल तर काचेमागे फोन नंबरची चिठ्ठी ठेव. दुसऱ्याची गन न विचारता ओढू नकोस, बहुतेक वेळा ती कुलपात अडकलेली असते आणि ओढाताणीत कडी मोडते. आणि चार्जिंग करायचं नसेल तर त्या जागेत गाडी लावायचीच नाही, मग ती इलेक्ट्रिक का असेना.

रोज किती भरायचं ते बॅटरीच्या जातीवर आहे. निकेल-मँगनीज-कोबाल्टची असेल तर रोज 80 पर्यंत भर, प्रवासाच्या आदल्या रात्री 100. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर बहुतेक कंपन्या मधूनमधून पूर्ण 100 भरायला सांगतात, कारण त्या बॅटरीचा व्होल्टेज बराच काळ सपाट राहतो आणि किती वीज उरलीय याचा अंदाज गाडीला टोकाला गेल्यावरच नीट बांधता येतो. काही आठवडे गाडी उभी ठेवायची असेल तर निम्म्याच्या आसपास ठेव, शक्यतो सावलीत. भरलेली बॅटरी आणि कडक ऊन हे दोन्ही एकत्र फार काळ नको.

तेव्हा तुझ्या चार गाड्यांपैकी कोणती हे मी आत्ता सांगत नाही. तुझ्या जागेचे फोटो पाठव: खांब, भिंत, मीटरची खोली. मीटरपासून गाडीपर्यंतचं अंतर टेपने मोज, वायर ज्या वाटेने जाईल त्याच वाटेने. सोसायटीला अर्ज द्यायचा असेल तर तो आजच दे, परवानगीला वेळ लागतो, आणि वायर तुझ्याच मीटरवरून येणार हे त्यात स्पष्ट लिही. हे सगळं हातात आलं की वायरची जाडी आणि गाडी दोन्ही एका बैठकीत ठरवू.

तुझा,
अविनाश