विजू, ते पाढे नव्हते

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, सकाळ

प्रिय विजू,

गेल्या महिन्यात तू आमच्या शनिवारच्या रेकॉर्ड ऐकण्याच्या बैठकीतून मध्येच उठून गेलास. जिन्यात चपला घालता घालता म्हणालास, "नंदू, हे गाणं नाही रे, हे पाढे आहेत." मी तेव्हा काहीच बोललो नाही. रत्नागिरीहून दिवसभराचा प्रवास करून आलेल्या मित्राला दारात अडवून वाद घालणं बरं वाटेना. पण ते वाक्य तेव्हापासून माझ्या मनात ठाण मांडून बसलंय. म्हणून आज चहा झाल्याझाल्या कागद पुढे ओढला.

तू गेल्यावर वाद थांबला नाही, पेटला. रात्री साडेबाराला खालच्या काकूंनी जिन्यातून हाक मारली तेव्हा आम्ही आवाज खाली आणले. तबल्याचे गुरुजी, अनिकेत, सुलभाताई, आणि बँडमध्ये कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटचं धाकटं भावंड, वाजवणारे रमेशभाऊ, चौघांची चार मतं. विषय एकच: अमेरिकन जॅझ ट्रंपेटवादक आणि बँडप्रमुख डॉन एलिस. हा माणूस थोर, की नुसता करामती?

तू ज्या तुकड्याला उठलास त्याचं नाव 'न्यू होरायझन्स', १९६७ च्या 'इलेक्ट्रिक बाथ' या रेकॉर्डवरचा. ही रेकॉर्ड मला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात मिळाली होती, तुला आठवत असेल. कव्हरची एक कड उंदरांनी खाल्लेली, पण तबकडीवर ओरखडा नाही. तो तुकडा सतरा मात्रांचा आहे: पाच, पाच आणि सात. हे मी सुरू करण्याआधीच सांगून टाकलं, आणि तीच माझी चूक झाली असं आता वाटतं. सतरा म्हटल्याबरोबर तू मोजायला बसलास. तुझी बोटं मांडीवर चालली होती, मी पाहत होतो. मोजणाऱ्या माणसाला मोजणीच ऐकू येणार.

विजू, आपण दोघं लहानपणापासून रूपक तालातली भावगीतं गुणगुणत आलो. आंघोळ करताना, सायकल मारताना, लग्नाच्या पंगतीत वाढताना. एकदा तरी सात मोजलेस का? तीन-दोन-दोन हे आपल्या पायांना माहीत आहे, म्हणून ते गणित वाटत नाही. अपरिचित सतराला पाढा म्हणायचं आणि ओळखीच्या सातला गाणं, हा न्याय मला पटत नाही.

आता गुरुजींचं ऐक. त्यांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डोळे मिटून हातावर ताल धरला, दोनतीन आवर्तनं गेली आणि मग बरोबर समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, मान हलली. पुन्हा हलली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. रेकॉर्ड संपली तशी म्हणाले, "सम आहे. पण खाली नाही." एवढं एकच वाक्य, पण मला वाटतं एलिसवरची सगळ्यात खरी टीका तीच. आपल्या तालात एक जागा भरीची असते आणि एक रिकामी. खालीला डग्गा गप्प बसतो, तिथे आवर्तन जरा टेकतं, श्वास घेतं, आणि म्हणून सम पुन्हा उगवल्यासारखी येते. एलिसच्या सतरामध्ये सगळ्याच मात्रा भरलेल्या. तीन बासवाले, म्हणजे खर्जातलं तंतुवाद्य वाजवणारे, ड्रमच्या जोडीला इतर तालवाद्यं वाजवणारे, वर ट्रंपेट, ट्राँबोन, सॅक्सोफोनच्या फळ्या. टेकायला जागा कमी. तुझा जीव तिथे घुसमटला असेल तर ते मी मान्य करतो.

पण गुरुजींनीच पुढे जे दाखवलं ते तू ऐकायला हवं होतंस. त्यांनी सुई पुन्हा सुरुवातीला ठेवायला लावली आणि म्हणाले, ट्रंपेट सोडा, बास ऐका. बास तीच तीच ओळ फिरवत असतो, सतरा मात्रांची. तबल्याच्या सोलोला पेटीवर किंवा सारंगीवर नगमा धरतात ना, तसाच. नगमा धरणारा कधी मोजताना दिसतो का? तो चाल म्हणत असतो, आणि चालीचं टोक जिथे येतं तिथे सम. मी तसं ऐकलं, आणि पहिल्यांदाच बोटं थांबली. सतरा गेले, उरली एक वाकडी, लांबलचक चाल. तिच्या अंगावरून वीस माणसं एका दमात धावताहेत. मी ती रेकॉर्ड इतकी वर्षं ऐकतोय, आणि मलाही हे गुरुजींच्या एका वाक्याने कळलं.

अनिकेतचं म्हणणं निराळंच. तो ठासून सांगतो की हे सगळं आपलंच नेलेलं आहे. त्यात तथ्य आहेच, एलिसने ते कधी लपवलं नाही. रविशंकरांचे शिष्य हरिहर राव लॉस एंजेलिसला होते, त्यांच्याकडे तो शिकला. दोघांनी मिळून १९६४ मध्ये सहा जणांचा गट काढला, त्याचं नावच 'हिंदुस्तानी जॅझ सेक्स्टेट'. पुढच्याच वर्षी जॅझ वाजवणाऱ्यांना भारतीय संगीताची ओळख करून देणारा लेख दोघांच्या नावाने आला. आणि १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या जॅझ महोत्सवात त्याचा मोठा बँड उभा राहिला तो एकोणीस मात्रांचा तुकडा घेऊन. त्याचं शीर्षकसुद्धा आकड्यांचंच: ३३ २२२ १ २२२. बेरीज करून बघ, एकोणीसच येते. ते ऐकलेल्यांना प्रश्न पडला असणारच की हा माणूस वाजवतोय की हिशेब देतोय.

पण "आपलं नेलं" म्हणून छाती फुगवणं मला आवडलं नाही, आणि मी ते अनिकेतला तोंडावर सांगितलं. बल्गेरियात गावच्या जत्रेत साधी माणसं सातावर आणि अकरावर हात धरून फेर धरतात. एलिसच्या बँडने तेहतीस मात्रांचा तुकडा त्यांच्याकडच्या लोकसंगीतावरून बांधला, आणि पुढे मिल्चो लेव्हिएव्ह हा बल्गेरियन पियानोवादकच बँडमध्ये आला. विषम मोजणीवर कुणा एका देशाचा शिक्का नाही. शिवाय त्याने आपल्याकडून आवर्तन घेतलं, हाताने ताल धरण्याची सवय घेतली, पण राग घेतला नाही. त्याच्या डोक्यात स्वरांचे थर होते, एकावर एक रचलेले, बिग बँडचे. ते सोडून तो आपल्यासारखा एका स्वरापुढे बसला असता तर डॉन एलिस राहिलाच नसता.

आणि आता ते चार व्हॉल्व्हचं ट्रंपेट. यावर रमेशभाऊ इतके रंगून बोलले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नेहमीच्या ट्रंपेटला तीन व्हॉल्व्ह. पहिला दाबला की आवाज एका पूर्ण स्वराने खाली येतो, दुसऱ्याने अर्ध्याने, तिसऱ्याने दीड स्वराने. या तिघांच्या मेळातून बारा सुरांचा संसार चालतो. एलिसला बारा पुरेनात. होल्टन या अमेरिकन कारखान्याने १९६५ मध्ये त्याला चौथा व्हॉल्व्ह बसवून दिला, तो पाव स्वर उतरवणारा. म्हणजे सप्तकात चोवीस जागा. अनिकेत लगेच म्हणाला, "श्रुती!" गुरुजींनी मान हलवली, नाही. श्रुती, म्हणजे सप्तकातल्या सुरांच्या बारीक जागा, बावीस मानतात आणि त्या सारख्या अंतरावर नसतात, आणि दरबारी रागाचा गंधार तर कुठल्या एका खुंटीवर टांगलेलाच नाही, तो झुलतो. पाव स्वराचं बटण दाबून तो हाती लागणार नाही.

तेव्हा रमेशभाऊ बोलले. तीस वर्षं लक्ष्मी रोडवरच्या गणपतीच्या मिरवणुकीत कॉर्नेट फुंकलेला माणूस. ते म्हणाले, नाट्यगीत वाजवताना आम्ही पण सूर खाली ओढतो, पण ओठांनी. व्हॉल्व्ह अर्धा दाबायचा, ओठ सैल सोडायचे, की मींडेसारखं, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत गेल्यासारखं, काहीतरी होतं. लोक टाळ्या देतात, पण तो सूर रोज सारखा लागत नाही, थंडीत तर नाहीच. या माणसाने ओठांवरचा भरवसा बटणात आणून ठेवला. पाव स्वर हवा तेव्हा, हवा तसा, पळत्या लयीतसुद्धा मिळावा म्हणून. रमेशभाऊंनी हे सांगताना हवेत चौथं बोट दाबून दाखवलं. करंगळी. आयुष्यात ते बोट त्यांनी वाजवायला कधी वापरलं नव्हतं.

सुलभाताई तुझ्याच बाजूच्या आहेत, हे सांगायला हवं. त्या म्हणतात, मला पाव स्वर बेसूर वाटतो, आणि मला बेसूर वाटणाऱ्या गोष्टीला कुणी क्रांती म्हणावं हे मला मान्य नाही. त्यांचा कान किराणा घराण्यावर तयार झालाय, दर डिसेंबरला सवाई गंधर्व महोत्सवात पहिल्या दिवसापासून शेवटच्या भैरवीपर्यंत भारतीय बैठकीत ठाम. त्यांच्यापुढे मी वाद केला नाही. फक्त त्याच रेकॉर्डवरचं 'ओपन ब्यूटी' लावलं. त्यात एका जागी सगळा बँड थांबतो आणि एलिस एकटा वाजवतो. त्याने ट्रंपेटला ध्वनिफितीवरचं प्रतिध्वनीचं यंत्र जोडलंय, त्यामुळे वाजवलेला सूर परत येतो, त्यावर तो दुसरा ठेवतो, मग तिसरा, आणि स्वतःच्याच आवाजांच्या घोळक्यात उभा राहतो. देवळाच्या गाभाऱ्यात कुणी ओम म्हणावं आणि तो भिंतींनी परत द्यावा, तसं. खाली संथपणे सूर साचत जातात. सुलभाताई काही बोलल्या नाहीत, पण पुन्हा लावा म्हणाल्या.

सगळंच चांगलं आहे असं माझं म्हणणं नाही. १९७० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात केलेल्या रेकॉर्डवर तो बीटल्सचं 'हे ज्यूड' वाजवतो. त्याच्या सुरुवातीला यंत्रातून ट्रंपेटचे जे हुंकार आणि चिरकण्या काढल्यात, त्या मला आजही रिकाम्या वाटतात. तिथे शोध नाही, नुसतं यंत्र हाती आल्याचा आनंद आहे. तू तो तुकडा ऐकून उठला असतास तर मी तुझ्याबरोबर चहाला खाली आलो असतो. पण एका माणसाला त्याच्या हुकलेल्या घावांवरून तोलायचं की बसलेल्या?

तुला खरं सांगायचंय ते इथून पुढे. तुझे बाबा आणि माझे बाबा कुमार गंधर्वांवरून किती भांडायचे, आठवतं? माझे बाबा म्हणायचे, हे तुकडे तुकडे झाले, यात गाण्याची घडी नाही. तुझे बाबा ओट्यावर उभे राहून सांगायचे, अरे, त्या माणसाचं एक फुप्फुस क्षयाने निकामी झालं, त्याला जेवढा श्वास मिळाला त्यातून त्याने नवीन घडी घातली, ती आधी ऐका. आपण दोघं पायरीवर बसून ऐकत होतो. तू तेव्हा तुझ्या बाबांच्या बाजूने होतास. मी नव्हतो. तुझ्याच घराने मला शिकवलं की अनोळखी घडी आधी ऐकायची असते. म्हणून जिन्यातलं तुझं वाक्य मला इतकं लागलं.

एलिसला फुप्फुसाचं नव्हतं, हृदयाचं होतं. १९७५ पासून दुखणं मागे लागलं. १९७८ च्या एप्रिलमधल्या कार्यक्रमानंतर डॉक्टरांनी सांगितलं, ट्रंपेट वाजवणं आणि दौरे बंद, हृदयाला हा ताण झेपणार नाही. ट्रंपेट फुंकणं म्हणजे छातीतून केवढा जोर लागतो हे रमेशभाऊंना विचार. मिरवणूक संपल्यावर ते तासभर भिंतीला टेकून बसतात. त्याच वर्षी १७ डिसेंबरला एलिस गेला. चव्वेचाळीस वर्षांचा होता. मी हे सांगितलं तेव्हा बैठकीत कुणी बोललं नाही, अनिकेतसुद्धा.

गुरुजींनी आता एक उद्योग काढलाय. शिखर ताल सतरा मात्रांचाच. त्याचा ठेका ते रमेशभाऊंना तोंडाने म्हणायला शिकवताहेत आणि त्यावर रमेशभाऊ कॉर्नेटवर पाच, पाच, सातची चाल बसवताहेत. गुरुजी हट्टाने मध्ये खाली ठेवतात. परवा मी ऐकलं. अजून समेवर दोघं एकत्र येत नाहीत, कॉर्नेट अर्ध्या मात्रेने आधी पोचतं. पण खालीच्या जागी डग्गा गप्प झाला आणि रमेशभाऊंचा एक लांब सूर एकटा उरला, तेव्हा मला एलिसच्या रेकॉर्डवर कधी न ऐकलेलं काहीतरी ऐकू आलं.

सवाईला तू येणार आहेसच. त्याआधीच्या शनिवारीच ये. आमच्याकडेच राहा, पोळ्यांचं आईने आत्ताच विचारून ठेवलंय. आकडा कुणी सांगणार नाही, मी सगळ्यांना बजावलंय. तू फक्त बासकडे कान ठेव. त्यानंतरही उठून जावंसं वाटलं तर जा, मी जिन्यापर्यंत येईन. रमेशभाऊंनी मात्र तुझ्यासाठी दाराजवळची नाही, खिडकीखालची खुर्ची राखून ठेवायला सांगितलंय. तिथून कॉर्नेटची बोटं दिसतात म्हणे.

वहिनींना नमस्कार. आंब्याच्या कलमांचं काय झालं ते कळव.

तुझा,
नंदू