अज्याला पत्र : कासव आणायच्या आधी

टॅम्पा, फ्लोरिडा

प्रिय अज्या,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. ईशाला वाढदिवसाला कासव हवंय, पुण्यातला कुणीतरी ‘स्टार कासव, एकदम गॅरंटीचं’ द्यायला तयार आहे, आणि मी इथे कासवं पाळतोच, तर कसं ठेवायचं ते मी सांगावं. दोन ओळींत सांगून तू ऐकणाऱ्यातला नाहीस, म्हणून हे पत्र.

आधी ते स्टार कासव. घेऊ नकोस. आपल्याकडचं रानातलं कासव घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तर स्टार कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीत जाऊन बसलंय. २०१९ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही बंदी आली. त्या माणसाची गॅरंटी कसली, तर कुठल्या तरी माळावरून उचललेलं, पिशवीत कोंबून आणलेलं पिल्लू. वास्तूला चांगलं म्हणून लोक ते फ्लॅटमध्ये ठेवतात, काकडी आणि ब्रेड खाऊ घालतात, आणि कुणी कायद्याची भीती घातली की रातोरात देवळाच्या तळ्यात सोडून येतात. अरे, ते जमिनीवरचं कासव! त्याला पोहता येत नाही, खोल पाण्यात बुडून मरतं. आपल्या सभामंडपातलं दगडी कासवसुद्धा कोरड्या फरशीवरच असतं, एवढं तरी बघावं की नाही?

आता माझ्याकडची. ती लाल पायांची, दक्षिण अमेरिकेतल्या जंगलांतली आणि तिथल्या गवताळ भागातली. इथे ती पाळायला कायद्याची आडकाठी नाही, आणि माझी सगळी बंदिवासातच जन्मलेली आहेत. दोन माद्या, म्हाळसा आणि बानू. नर एकच, दाजी. दोन नर ठेवले की एकमेकांना उलथे पाडतात, आणि भर उन्हात उताणं पडलेलं मोठं कासव सरळ झालं नाही तर जिवाला मुकतं. दाजी प्रियाराधनाला लागला की मान झटक्याझटक्यानं आडवी हलवतो आणि कॉक्-कॉक् आवाज काढतो. पहिल्यांदा ऐकून शुभा म्हणाली, शेजाऱ्यांची कोंबडी आली वाटतं.

बानू आधी दुसऱ्या घरात वाढली. तिची पाठ बघशील तर वाटेल, इडल्या मांडून ठेवल्यात. जंगलातल्या कासवाची पाठ गुळगुळीत घुमटासारखी हवी. पूर्वी सगळे म्हणायचे, प्रथिनं जास्त झाली की अशी टेंगळं येतात. मग २००३ मध्ये व्हिएन्नातल्या दोघा संशोधकांनी आफ्रिकेतल्या सुल्काटा कासवांची पिल्लं वेगवेगळ्या दमटपणात आणि कमीजास्त प्रथिनांवर वाढवून पाहिली. कोरड्या हवेचा हात खाण्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला. सुल्काटा तर वाळवंटाच्या कडेचं कासव! त्याच्या पिल्लाची ही गत, तर जंगलातल्या पिल्लाची एसीच्या खोलीत, दिव्याखाली काय होत असेल? बानूला पिल्लूपणी असंच काचेच्या टाकीत ठेवलेलं होतं. ती आता ठणठणीत आहे, पण आलेली टेंगळं जात नाहीत. नवीन वाढ सपाट येते, एवढंच.

म्हणून माझा वेळ कासवांपेक्षा मातीवर जास्त जातो. खाली माती, तिच्यावर नारळाचा भुसा, वर ओकच्या वाळक्या पानांचा जाड थर. पाणी वरून शिंपडायचं नाही, कोपऱ्यात ओतायचं, म्हणजे तळ ओला राहतो आणि कासवाच्या पोटाखालचा थर कोरडा. सतत ओल्यात बसलं की पोटाकडच्या कवचाला बुरशी लागते. दमट हवं, चिखल नको. हे तोंडानं सांगून येत नाही, भुसा मुठीत दाबून बघावा लागतो. पिल्लं असतील तर लाल मुंग्यांवर डोळा ठेवायचा, इथल्या मुंग्या भयंकर. आणि ऊन खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही, हाडांना लागणारे किरण काचेत अडकतात. ही कासवं थंडीत झोपी जात नाहीत, त्यामुळे जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरला की त्यांच्या लाकडी खोपट्यात हीटर. आमच्या बेडरूममध्ये तेव्हा पांघरुणंच असतात, हे शुभा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते.

खाण्याचं सोपं आहे. जास्वंदीची फुलं-पानं, निवडुंगाचे काटे काढलेले तुकडे, पपई, आंबा, मशरूम, मधूनच उकडलेलं अंडं, कारण जंगलात ही मेलेलं जनावरही खातात. कॅल्शियमला समुद्रफेण. फळांच्या बिया त्यांच्या पोटातून जशाच्या तशा पडतात आणि रुजतात. माझ्या कुंपणात न लावलेल्या पपया आल्यात.

मला न सुटलेला प्रश्न वेगळाच आहे. ही पन्नास वर्षं सहज जगतात. मी आताच पन्नाशीचा. मृत्युपत्रात त्यांची सोय लिहून ठेवावी लागली, तेव्हा वकिलानं चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. माझी तिघं कधीच जंगलात जाणार नाहीत. कोणत्या जंगलातली, हेच माहीत नाही. बंदिवासात कासवं वाढवण्याला खरा अर्थ आहे तो नागालँडसारख्या ठिकाणी. आशिया खंडाच्या मुख्य भूमीवरचं सगळ्यात मोठं जमिनीवर राहणारं कासव तिथे जवळजवळ संपलं होतं. मादी पालापाचोळ्याचा ढीग रचून त्यात अंडी घालते आणि पुढचे काही दिवस त्या ढिगावर पहारा देते, कुणी जवळ आलं तर ढकलते, चावते. कासवांत असलं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. त्यांची प्राणिसंग्रहालयात वाढवलेली दहा पिल्लं डिसेंबर २०२२ मध्ये इंटाकीच्या राष्ट्रीय उद्यानात सोडली. त्यापुढे आमचं हे सगळं हौसेचंच काम, लेका.

ईशाचं काय ते सांगतो. तिला वेळासला ने, मंडणगड तालुक्यात. साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये कासव महोत्सव असतो. समुद्री कासवांची पिल्लं किनाऱ्यावर सोडतात, ती स्वतःच्या पायांनी पाण्यात जातात. राहायची सोय गावातल्याच घरांत होते, पण बुकिंग लवकर कर, पुण्या-मुंबईची गर्दी फार. रोज पिल्लं निघतीलच असं नाही, म्हणून दोन रात्री ठेव. आणि तो गॅरंटीवाला कासव दारात घेऊन आलाच, तर वनखात्याच्या १९२६ वर फोन लाव. स्वतः सोडायला जाऊ नकोस. तोवर कुणी हाताळलं तर साबणाने हात धुवा, कासवांच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असतो, आणि ईशा सगळ्यांचे मुके घेते हे मला माहीत आहे.

काकूंना नमस्कार. गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर, ते कळव.

तुझा,
सुन्या