मास्तरांनी वही खाली ठेवली

फोंडा
कार्तिक वद्य पंचमी

प्रिय मंदा,

इथे सगळे बरे. माईंचे गुडघे आहेत तसेच, माझा दमा यंदा पावसातही शांत होता. आता मुद्द्याचं.

मास्तर यंदा जत्रेच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग करायला विंगेत उभे राहणार नाहीत. काल त्यांनी वही रघूच्या हातात दिली. "समासातल्या खुणा पेन्सिलीच्या आहेत, पुसू नको," एवढंच बोलले आणि आत जाऊन पडले. घरात सगळ्यांचं म्हणणं एकच, सत्तरी उलटली, बरंच झालं. तुला सोडून हे सांगू कुणाला गो?

चवथ झाल्यावर घशात खवखव, ताप, सर्दी. पेज-लोणच्यावर होते. मग डावा डोळा लाल, पाठोपाठ उजवा. सकाळी पापण्या चिकटलेल्या, कानापुढे एक गाठ, हात लावला की कळ यायची. डोळे आलेत, जातील, असं सगळ्यांनाच वाटलं. माईंनी टॉवेल नि अभ्रे वेगळे काढले, साबणाने हात धुवायचा धोशा लावला म्हणून बाकीचे वाचलो. डोळे आणणारा हा विषाणू सॅनिटायझरला सहज दाद देत नाही.

लाली गेली आणि खरा त्रास सुरू झाला. ट्यूबभोवती कडं दिसतं, अक्षरांवर धुकं. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात नेलं. त्या यंत्रावर हनुवटी टेकवून डॉक्टरीणबाईंनी दोन्ही बुबुळं पाहिली. पांढुरके बारीक ठिपके, नाण्यांसारखे गोल. घशाला धरणारा अ‍ॅडेनोव्हायरसच डोळ्यातही उतरतो, म्हणाल्या. तो जातो, पण त्याचे अवशेष बुबुळात राहतात. शरीर त्यांच्याशी झगडत राहतं, त्याचेच हे ठिपके. बहुतेकांचे आपोआप विरतात, पण कधी महिने लागतात, क्वचित वर्षही उलटतं.

मास्तरांनी यातलं "वर्ष" तेवढं ऐकलं.

त्यात शेजाऱ्यांनी त्यांच्याकडची उरलेली थेंबांची बाटली आणून दिली. दोन दिवसांत धुकं उतरलं, मास्तर खूश. स्टिरॉइडचे थेंब होते ते. त्याने ठिपके दबतात, पण थेंब बंद केले की परत येतात, आणि मनाने घालत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. ती बाटली मी काढून घेतली तेव्हापासून माझ्याशी बोलणं तुटक. लागलेच तर डॉक्टर स्वतः देतील, दाब मोजत, हे शंभरदा सांगून झालं. सध्या नुसते ओलाव्याचे थेंब चालू आहेत.

वाट बघायची तर बघू. पण मला भीती आहे ती ठिपके विरतील तोवर त्यांचं मन उडण्याची. दुपारभर पडवीत डोळे मिटून बसतात. पेपरही मागत नाहीत. मास्तर आणि पेपर नको! तुझा बाण सुटायच्या आधीच पडदा पडला, त्या रात्रीही एवढे गप्प नव्हते. (पडदा रघूनेच सोडला. तू अजून माझं नाव घेतेस, मी अजून ते मान्य करत नाही.)

तुझी बदली झाली का? वास्तुशांतीचे फोटो पाहिले, स्वयंपाकघर छान आहे. चिनूला पास झाल्याबद्दल शाबासकी सांग.

आता एक काम कर. रविवारी दुपारी फोन कर. डोळ्यांचं नाव काढू नको. तुझं दुसऱ्या अंकातलं स्वगत म्हणायला लाग आणि जिथे तू नेहमी अडकायचीस तिथेच थांब. पुढचं वाक्य ते देतीलच, त्यांना कुठे वही लागते? अख्खं नाटक तोंडपाठ आहे. मग तूच विचार, रघूला काय जमणार म्हणून. मी विचारलं की त्यांना ती समजूत वाटते.

घरच्या फोनवर कर, मोबाईल ते उचलत नाहीत. चारनंतर कर, त्याआधी झोपलेले असतात.

तुझी,
शैला