मिलिग्रॅम सारखे, पण विरघळणे?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात गजकर्णाचे रुग्ण वाढले की औषधांच्या दुकानांत इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलना मागणी येते आणि ‘शंभर मिलिग्रॅम ते शंभर मिलिग्रॅमच, स्वस्तातली द्या’ हा आग्रहही ऐकू येतो. स्वस्त औषधाला माझा विरोध नाही. मात्र हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही आणि न विरघळलेले औषध आतड्यातून रक्तात जात नाही, त्यामुळे इथे नुसत्या वजनाचा हिशेब अपुरा पडतो.

यावर योजलेला उपाय म्हणजे ‘सॉलिड डिस्पर्शन’. औषध आणि हायप्रोमेलोज हे पॉलिमर एकाच द्रावकात विरघळवून ते द्रावण साखरेच्या बारीक, गोल दाण्यांवर फवारतात. द्रावक उडून जातो, पण औषधाच्या रेणूंना स्फटिक बांधण्याची सवड मिळत नाही आणि ते पॉलिमरमध्ये विखुरलेलेच राहतात. खडीसाखर आणि जत्रेतले ‘म्हातारीचे केस’ ही एकच साखर, तरी पहिली चघळत बसावी लागते आणि दुसरी जिभेवर टेकताच नाहीशी होते. या तंत्राचे एक नवे रूप, ‘सुबा’ इट्राकोनाझोल, तर 65 मिलिग्रॅममध्ये नेहमीच्या 100 मिलिग्रॅमचे काम करते.

म्हातारीचे केस दमट हवेत आक्रसून चिकट होतात, हेही आपण पाहिलेले असते. तसेच हे औषध ओलावा आणि उष्णतेने हळूहळू पुन्हा स्फटिकरूप धरू शकते. वजन तेवढेच राहते, विरघळणे मात्र घटते. म्हणून कॅप्सूल पट्टीतून काढून डबीत भरून ठेवू नयेत. नेहमीची कॅप्सूल पोटभर जेवणानंतर लगेच घ्यावी लागते (याच औषधाचे द्रवरूप मात्र उपाशीपोटी घेतात, त्यामुळे गोंधळ होतो). ती आम्लातच थोडीफार विरघळत असल्याने ओमेप्राझोलसारख्या ॲसिडिटीच्या गोळ्या सुरू असतील, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

औषधाच्या दुकानात यातले काहीच सांगितले जात नाही, आणि पट्टीवरचा बारीक इंग्रजी मजकूर किती जण वाचतात? अन्न व औषध प्रशासनाने या कॅप्सूलच्या विरघळण्याच्या चाचण्यांचे निकाल कंपनीनिहाय जाहीर करावेत आणि जेवणाबाबतची सूचना मराठीत छापण्याचा आग्रह धरावा, ही विनंती.

— औषधनिर्माणशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, सातारा