स्पेशलिस्ट सपोर्ट कोऑर्डिनेशनच्या तासांचा हिशेब आणि चुकीच्या आकारणीचा परतावा मिळणेबाबत

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
सपोर्ट कोऑर्डिनेशन विभाग

स. न. वि. वि.

मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहणाऱ्या माझ्या २६ वर्षांच्या मुलाची आई आणि त्याच्या एनडीआयएस प्लॅनची (अपंग व्यक्तींसाठीच्या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी योजनेतून मंजूर झालेल्या मदतीची) नॉमिनी, म्हणजे त्याच्या वतीने निर्णय घेणारी व्यक्ती, या नात्याने मी ही तक्रार करीत आहे. आपल्या सेवा करारात तक्रार स्वतःच्या भाषेत करता येईल असे नमूद असल्याने ती मराठीत लिहिली आहे. भाषांतराची व्यवस्था आपण करावी आणि तो वेळ मुलाच्या निधीतून वसूल करू नये.

माझ्या मुलाला ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि अपस्मार आहे. फिट्सची औषधे बदलल्यानंतर त्याची झोप उडाली, वागणे बदलले आणि अखेर त्याला रुग्णालयात दाखल करावे लागले. तेथून घरी आल्यावर रुग्णालयाचे म्हणणे असे, की हा वागणुकीचा प्रश्न असल्याने तो एनडीआयएसने पाहावा. आणि मदतनीस पुरवणाऱ्या संस्थेचे म्हणणे असे, की हा औषधांचा प्रश्न असल्याने तो रुग्णालयाने पाहावा. उपचार राज्याच्या आरोग्यसेवेकडे आणि रोजच्या जगण्यातला आधार एनडीआयएसकडे ही विभागणी कागदावर स्पष्ट आहे, पण रात्रभर जागा असलेल्या मुलाची अस्वस्थता त्या विभागणीप्रमाणे वेगळी काढता येत नाही. नेमक्या याच कारणासाठी प्लॅनमध्ये तिसऱ्या स्तराचे, म्हणजे स्पेशलिस्ट, सपोर्ट कोऑर्डिनेशन (निरनिराळ्या सेवांची सांगड घालून देण्याचे काम) मंजूर झाले. दुसऱ्या स्तराचा कोऑर्डिनेटर सेवा शोधतो आणि जोडून देतो. स्पेशलिस्टने मात्र गाडे कुठे अडले आहे ते ओळखावे, धोके लिहून काढावेत, डॉक्टर, थेरपिस्ट आणि मदतनीस यांना एकत्र बसवून कोणी काय करायचे ते ठरवावे आणि घडी बसली की काम दुसऱ्या स्तराकडे सोपवून बाजूला व्हावे, अशी अपेक्षा असते.

यासाठी तासाला १९०.५४ डॉलर या दराने ६० तास, म्हणजे ११,४३२.४० डॉलर मिळाले. प्लॅनमध्ये हा निधी स्टेटेड सपोर्ट म्हणून दिलेला असल्याने त्यातून दुसरी सेवा घेता येत नाही आणि तो संपल्यावर थेरपीच्या सदरातले पैसे इकडे वळवता येत नाहीत. म्हणून यातला प्रत्येक तास कशावर गेला, हे विचारण्याचा मला अधिकार आहे.

आपल्या पहिल्या कोऑर्डिनेटरविषयी मला आदरच आहे. त्या सोशल वर्कर होत्या. त्यांनी न्यूरॉलॉजिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि मदतनीस संस्था यांची एकत्र बैठक घडवून आणली, फिट आल्यावर कोणी काय करायचे याचा एक पानाचा लेखी आराखडा करून घेतला, आणि तो आजही आमच्या फ्रिजवर लावलेला आहे. तेवढ्या एका कामाने घरातली भीती बरीच कमी झाली. या निधीचा योग्य उपयोग म्हणजे काय, हे मी तिथे पाहिले आहे.

त्या नोकरी सोडून गेल्यानंतरची बिले मी प्लॅन मॅनेजरकडून, म्हणजे प्लॅनमधून बिले चुकती करणाऱ्याकडून, मागवली. त्यांत ‘अंतर्गत चर्चा’, ‘फाइल वाचन’ आणि ‘नव्या सहकाऱ्यास माहिती देणे’ अशा नोंदी पुन्हा पुन्हा येतात. नव्याने सेवा करार तयार करण्यासाठी दीड तास, म्हणजे २८५.८१ डॉलर, लावलेले आहेत. एनडीआयएसच्या दरपत्रकानुसार करार करणे, बिले पाठवणे, नोंदी अद्ययावत करणे अशा कार्यालयीन कामांचा खर्च तासाच्या दरातच धरलेला असतो. समोरासमोर नसलेल्या कामाचे पैसे घेता येतात हे मला मान्य आहे. न्यूरॉलॉजिस्टला केलेला फोन किंवा माझ्या मुलासाठी लिहिलेला अहवाल यांबद्दल माझी हरकत नाही. परंतु असे काम त्याला दिलेल्या सेवेचा थेट भाग असले पाहिजे आणि आमच्याशी आधी ठरलेले असले पाहिजे. आपला कर्मचारी बदलला म्हणून दुसऱ्याला फाइल समजावून सांगणे ही आपल्या संस्थेची गरज आहे, त्याचा भार माझ्या मुलाने का उचलावा?

दुसरी बाब याहून गंभीर आहे. नंतर आमच्याकडे आलेले गृहस्थ सौजन्याने वागतात, पण त्यांनी केलेले काम म्हणजे सेवा पुरवणाऱ्यांना फोन करणे आणि प्रतीक्षायादीत नाव घालणे. हे दुसऱ्या स्तराचे काम आहे आणि त्याचा कमाल दर १००.१४ डॉलर आहे. त्यांची शैक्षणिक पात्रता मी लेखी विचारली, त्याचे उत्तर मिळालेले नाही.

याच काळात मदतनीसांनी स्वयंपाकघराला कुलूप लावायला सुरुवात केली. एखाद्याला त्याच्याच घरातल्या अन्नापासून अशा प्रकारे अडवणे हे नियमांनुसार व्यक्तीवर निर्बंध घालणाऱ्या उपायांत (रिस्ट्रिक्टिव्ह प्रॅक्टिस) मोडते आणि त्यासाठी बिहेवियर सपोर्ट प्लॅन, म्हणजे वागणुकीबाबत तज्ज्ञाने केलेला लेखी आराखडा, असावा लागतो. स्पेशलिस्टने सर्वप्रथम लक्ष घालावे अशी ही गोष्ट होती. मी ती कळवल्यावर ‘नोंद घेतली आहे’ एवढेच उत्तर आले, आणि त्या उत्तराचेही पैसे बिलात लावलेले आहेत. बिहेवियर सपोर्टसाठी निधी मंजूर असूनही त्यातला तज्ज्ञ आजवर नेमलेला नाही.

राहण्याच्या जागेबाबत आम्हाला एकच पर्याय सुचवण्यात आला आणि ते घर आपल्याच समूहातील संस्था चालवते, हे मला तिथे गेल्यावर फलकावरून समजले. जागा वाईट आहे असे मी म्हणत नाही. हितसंबंध आधी लेखी सांगणे आणि इतर पर्याय समोर ठेवणे हे आपले कर्तव्य होते.

प्लॅनचे पुनर्मूल्यांकन जवळ आले आहे. तास संपले आणि हाती काही लागले नाही, असे चित्र एनडीआयएस चालवणाऱ्या एजन्सीपुढे गेले तर या मदतीचा उपयोग होत नाही असा निष्कर्ष निघू शकतो, आणि त्याची किंमत माझ्या मुलाला पुढच्या प्लॅनमध्ये मोजावी लागेल. उरलेले तास म्हणूनच वाचवायचे आहेत.

तरी आपण प्रत्येक बिलाचा तारीखवार तपशील आणि काम करणाऱ्याची पात्रता लेखी कळवावी. कार्यालयीन कामांची आकारणी रद्द करून रक्कम प्लॅनमध्ये परत करावी आणि दुसऱ्या स्तराच्या कामासाठी घेतलेला फरक, तासाला ९०.४० डॉलर, त्यात धरावा. पात्र स्पेशलिस्ट नेमून कुलपाचा प्रश्न आणि बिहेवियर सपोर्टची नेमणूक ही दोन कामे त्यांच्याकडे प्रथम द्यावीत. पुढे कोणतेही काम सुरू करण्यापूर्वी त्यास किती वेळ लागेल ते मला कळवावे. एजन्सीला जाणाऱ्या अहवालाचा मसुदा आधी मला दाखवावा. तसे जमणार नसेल, तर कागदपत्रांसह काम आम्ही निवडलेल्या दुसऱ्या संस्थेकडे विनामूल्य सोपवावे.

पत्र मिळाल्यापासून १४ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी या सेवांवर देखरेख करणाऱ्या एनडीआयएस क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशनकडे १८०० ०३५ ५४४ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन. या पत्रामुळे माझ्या मुलाच्या चालू सेवेत खंड पडणार नाही, याची काळजी नियमांप्रमाणे आपण घ्याल असे मी धरून चालते.

आपली विश्वासू,
सहभागी व्यक्तीची आई व प्लॅन नॉमिनी

सोबत: बिलांच्या व सेवा कराराच्या प्रती