रिकॉलचं पत्र नाशिकला, गाडी पारोळ्यात

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पारोळ्यात हायवेच्या कडेला माझं चारचाकीचं गॅरेज आहे. सव्वीस वर्षं झाली. केळीचे भाव, कापसाचे भाव, हतनूरचे दरवाजे किती उघडले, हे तुमच्या पेपरात आम्ही गॅरेजवर बसून रोज वाचतो. एक बातमी मात्र आतल्या पानावर चार ओळींत येऊन जाते आणि आपल्या भागात तिचा कुणाला पत्ता लागत नाही. अमक्या कंपनीने इतक्या हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या, ही ती बातमी. रिकॉल म्हणतात त्याला. त्याबद्दल लिहितोय, कारण माझ्या हातून एक चूक झाली आहे. तीच चूक दुसऱ्या मिस्त्रीच्या हातून व्हायला नको.

गेल्या उन्हाळ्यात जिल्हा परिषद शाळेतले एक सर गाडी घेऊन आले. नाशिकहून एजंटमार्फत घेतलेली, सेकंड हँड, पेट्रोल, दिसायला एकदम स्वच्छ. तक्रार एकच होती. चालता चालता बंद पडते, अर्धा तास थांबलं की परत चालू होते. मी एअर फिल्टर झटकला, रिले बदलला, बॅटरीची टर्मिनलं घासली. टाकीतलं पेट्रोल बाटलीत काढून उन्हात धरलं, तळाशी पाण्याचा थर दिसतो का ते पाहिलं. काही नव्हतं. दोन दिवस मी स्वतः अमळनेर रोडला चालवून पाहिली, बंद पडली नाही. सरांना म्हटलं, "आता बिनधास्त चालवा." अठराशे रुपये घेतले.

पंधरा दिवसांनी ते सगळे लग्नाहून धुळ्याकडून परत येत होते. मुकटीजवळ, रात्री अकराच्या सुमाराला, गाडी पुन्हा बंद पडली. कडेला घेईपर्यंत मागून कंटेनर आला. त्या ड्रायव्हरने शेवटच्या क्षणी कट मारला म्हणून गाडी चिरडली नाही, पण उजवीकडचा मागचा दरवाजा आत गेला. तिथे सरांच्या आई बसल्या होत्या. मांडीचं हाड मोडलं. आजही त्या काठी घेऊन चालतात.

विम्याच्या कामासाठी गाडी जळगावला कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेली. काउंटरवरच्या मुलाने चेसिस नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि म्हणाला, "सर, या गाडीचं फ्यूल पंपाचं रिकॉल पेंडिंग आहे. दोन वर्षांपासून." पंप कंपनी फुकट बदलून देत होती. तसं पत्र गेलं होतं, मेसेजही गेले होते, पण ते पहिल्या मालकाच्या नाशिकच्या पत्त्यावर आणि त्याच्या मोबाईलवर. त्याने गाडी केव्हाच विकलेली. आरसी सरांच्या नावावर झाली, विमा झाला, पीयूसी निघाली. इतक्या ठिकाणी त्या गाडीचा नंबर टाकला गेला, पण हिचा पंप बदलायचा राहिलाय हे कुठेही दिसलं नाही. मीही नंबर टाकून पाहिला नाही, कारण असं काही पाहायचं असतं हेच माझ्या डोक्यात नव्हतं.

त्या रात्री मी भंगाराचा डबा उपसला. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या एका गाडीचा पंप मी काही महिन्यांपूर्वी बदलला होता. जुना पंप डब्यात पडून होता. हॅक्सॉने त्याची नळी उभी कापली. आत रुपयाच्या नाण्याएवढी प्लॅस्टिकची चकती असते, कडेला बारीक दाते असलेली. ती फिरते आणि पेट्रोल इंजिनकडे ढकलते. ही चकती नखाने ढकलून पाहिली, हलेना. काठ एका बाजूला घासून आरशासारखा चकचकीत झालेला. चकतीचं प्लॅस्टिक बनवताना नीट घट्ट बसलं नसेल तर ते वर्षानुवर्षं पेट्रोल शोषतं, फुगतं, बाजूच्या धातूला घासायला लागतं आणि एक दिवस अडकतं. पंप अडकला की इंजिनला पेट्रोल नाही आणि गाडी उभी. यात ड्रायव्हरची काही चूक नसते, पेट्रोल पंपवाल्याचीही नसते. दोष कारखान्यातून आलेला असतो आणि मिस्त्रीने कितीही फिल्टर झटकले तरी तो जाणार नसतो.

त्या दुसऱ्या गाडीचा नंबर टाकून पाहिला. तीही रिकॉलमध्येच. त्या शेतकऱ्याकडून मी नव्या पंपाचे आणि मजुरीचे मिळून साडेसहा हजार घेतले होते. त्याला फोन करून सगळं सांगितलं आणि मजुरी परत केली. सरांनी अठराशे घ्यायला नकार दिला. मला ते अजून खटकतं.

आता रिकॉल म्हणजे काय याबद्दल आपल्याकडे जे गैरसमज आहेत, ते थोडे लिहितो. पहिला म्हणजे गाडीच जाईल ही भीती. एका गिऱ्हाइकाला सांगितलं तेव्हा त्याने मला विचारलं, "भाऊ, त्या गाडी लई जातीन का?" कुणी गाडी नेत नाही. सदोष भाग फुकट बदलतात आणि बहुतेक कामं दिवसाच्या आत होतात. दुसरा समज असा की रिकॉल निघालं म्हणजे कंपनीच वाईट. मला उलट वाटतं. दोष कळल्यावर जी कंपनी उघडपणे सांगते तिचा मान ठेवला पाहिजे. मारुतीने जुलै २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि ईको मिळून ८७,५९९ गाड्या बोलावल्या, कारण स्टिअरिंगच्या टाय रॉडचा एक भाग तुटण्याचा संभव होता. टाय रॉड म्हणजे स्टिअरिंगचं वळण चाकापर्यंत नेणारी सळई. ती तुटली तर चाक आपलं ऐकत नाही. ईको आपल्याकडे शाळेच्या मुलांना नेते, लग्नाचं वऱ्हाड नेते, भाजीचे क्रेटही नेते. रॉयल एनफिल्डने मे २०२१ मध्ये २,३६,९६६ मोटारसायकली इग्निशन कॉइलसाठी, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या भागासाठी, बोलावल्या. यांतल्या काही गाड्या एव्हाना आपल्या गल्लीत आल्या असतील आणि त्यांच्या मालकांनी कॉइलचं नावही ऐकलं नसेल.

दोष कळूनही दाबून ठेवला तर काय होतं ते अमेरिकेत दिसलं. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत किल्लीच्या स्विचची आतली स्प्रिंग कमजोर होती. खड्ड्यात दणका बसला किंवा किल्लीला वजन जास्त असलं की स्विच आपोआप मागे सरकायचा. इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीतल्या लोकांना कित्येक वर्षं माहीत होतं, गाड्या बोलावल्या थेट २०१४ मध्ये. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत किल्लीच्या कडीत दुसरं काही अडकवू नका, असं तेव्हा मालकांना सांगितलं होतं. आपल्याकडे गाडीच्या किल्लीला घराची किल्ली, विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीची किल्ली आणि सप्तशृंगीचं पदक असतंच, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

एअरबॅगचं प्रकरण तर खान्देशातल्या प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने समजून घ्यावं. जपानच्या टकाटा कंपनीने एअरबॅग फुगवण्यासाठी अमोनियम नायट्रेटच्या वड्या वापरल्या. हा क्षार ओल धरतो. पावसाळ्यात खताची गोणी कशी ढेकूळ होते ते शेतकऱ्याला सांगायला नको. वर्षानुवर्षं उन्हात तापणं, गार होणं, दमट हवा लागणं यात त्या वड्या आतून झिजतात. मग अपघातात एअरबॅग उघडते तेव्हा त्या नको तितक्या वेगाने जळतात, धातूचा डबा फुटतो आणि त्याचे तुकडे गाडीतल्या माणसाच्या गळ्यात, छातीत शिरतात. एकट्या अमेरिकेत अशा सुमारे ६ कोटी ७० लाख एअरबॅगच्या डब्या बोलावाव्या लागल्या आणि २०१७ मध्ये टकाटाचं दिवाळं निघालं. भारतातही अनेक गाड्या त्यासाठी बोलावल्या गेल्या. आपल्याकडची हवा मुंबईइतकी दमट नाही, पण मे महिन्यात पंचेचाळीसच्या वर जाणाऱ्या उन्हात दिवसभर उभी असलेली गाडी मी रोज उघडतो. स्टिअरिंगला हात लावता येत नाही. शिवाय गाडी आधीची पाच-सात वर्षं कोकणात होती की सुरतेत, हे विकणारा आपल्याला सांगत नाही.

कायदा आहे. २०१२ मध्ये वाहन कंपन्यांच्या संघटनेने स्वतःहून रिकॉलची आचारसंहिता केली. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम ११०ए आलं आणि केंद्र सरकारला सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देता येऊ लागला. १ एप्रिल २०२१ पासून नियम लागू झाले आणि दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद झाली. मालकांना तक्रार नोंदवण्यासाठी सरकारच्या वाहन पोर्टलवर सोय आहे आणि ठराविक संख्येने तक्रारी आल्या की चौकशी होते. हे सगळं चांगलंच आहे. पण या नियमात गाडी बनवल्यापासून सात वर्षांची मर्यादा आहे. आता हिशेब करा. नवी गाडी पुण्या-नाशिकला पाच-सात वर्षं फिरते, मग एजंटच्या हातून चोपड्याला, शिरपूरला, शहाद्याला येते. म्हणजे आपल्या माणसाच्या दारात गाडी उभी राहते तेव्हा तिची सात वर्षं संपत आलेली असतात किंवा संपलेलीच असतात. दुसऱ्या-तिसऱ्या मालकाचा जीव पहिल्या मालकापेक्षा स्वस्त आहे का? सात वर्षांची ही मर्यादा वाढवायलाच हवी.

माझी मुख्य मागणी याहून साधी आहे आणि तिला नवा कायदाही लागणार नाही. गाडी नावावर होते तेव्हा आरटीओच्या कॉम्प्युटरमध्ये चेसिस नंबर असतोच. कंपन्यांच्या रिकॉलच्या याद्या त्याला जोडा. नंबर टाकला की पडद्यावर "पंप बदलणे बाकी" किंवा "एअरबॅग बदलणे बाकी" असं दिसलं पाहिजे आणि नव्या मालकाच्या मोबाईलवर मराठीत मेसेज गेला पाहिजे. पीयूसीच्या कागदावर तीच ओळ छापा. पीयूसी प्रत्येक गाडीला काढावीच लागते, धडगावच्या माणसालाही. सदोष भाग न बदलता जुनी गाडी विकायची नाही, हे एजंटवर बंधनकारक करा. आणि कंपन्यांनी जळगाव-धुळ्यापुरतं न थांबता तालुक्याच्या गावाला वर्षातून एकदा तरी शिबिर घ्यावं. रावेरचा केळीवाला ऐन कापणीत दिवस मोडून जळगावला जाणार नाही, हे मी गिऱ्हाइकांवरून सांगतो.

सरकार करेल तेव्हा करेल. तोवर माझ्या मिस्त्री भावांना विनंती आहे की गाडी जॅकवर घेण्याआधी चेसिस नंबर पाहा. आरसीवर असतो, गाडीवर कोरलेलाही असतो. रॉकेलच्या फडक्याने माती पुसा, टॉर्च मारा. एकूण सतरा अक्षरं-आकडे असतात. शून्य की ओ, एक की आय असा घोळ होतो, पण त्या नंबरात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं नसतातच, म्हणजे गोल दिसलं की शून्यच समजा. कंपनीच्या वेबसाईटवर नंबर टाकला की मिनिटाभरात कळतं, नाहीतर सर्व्हिस सेंटरला फोन करा. माझ्याकडचा शिकाऊ मुलगा आता हेच काम आधी करतो. वहीत आतापर्यंत अकरा गाड्या रिकॉलच्या निघाल्या. त्यातल्या नऊ दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाच्या. एक नऊ वर्षांची होती, तिचंही काम कंपनीने फुकट करून दिलं.

संपादक महोदय, तुम्हालाही एक विनंती. कुठली कंपनी कुठल्या महिन्यात बनलेल्या कोणत्या गाड्या बोलावते आहे, हे आठवड्यातून एकदा बाजारभावाशेजारी चौकटीत छापा. बाजारभाव आमच्याकडे सगळे वाचतात, तेही वाचतील. आणि पारोळा, एरंडोल, अमळनेरकडच्या कुणाला नंबर पाहून हवा असेल तर त्यांनी आरसी घेऊन गॅरेजवर यावं. पैसे लागत नाहीत. कापलेला पंप टेबलावरच ठेवला आहे, तोही दाखवतो.

आपला नम्र,
एक गॅरेज मिस्त्री,
पारोळा, जि. जळगाव